बॅटरीचा दिवा

तक्रार निकाली काढली, असं तुम्ही लिहिलंत. खोटं लिहिलंत. धायरीच्या त्या गल्लीत तुमचा एक माणूस फिरकला नाही, ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण कुणी उचललं नाही, आणि तरी तुमच्या महापालिकेच्या ऑफिसातून तनुजाच्या मोबाइलवर मेसेज आला की काम पूर्ण झालेलं आहे, समाधानी असाल तर पाच तारे द्या. सोबत फोटो. फोटोत झाकण चकचकीत, शेजारी पेव्हर ब्लॉक, मागं कुठल्याशा सोसायटीची बाग. हिंदुरावांच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक नाहीत, आणि बाग तर कुणाच्या स्वप्नातही नाही. दुसऱ्याच गल्लीतलं झाकण दाखवून तुम्ही या गल्लीचं तोंड बंद केलंत. एकदा नाही, तीनदा.

त्या तीन खोट्यांच्या खाली काय साठत गेलं ते आता ऐका. खुर्ची असेलच, बसून ऐका.

गुरुवार होता. पुण्यात गुरुवार म्हणजे नळाचा उपास. लोक बुधवारी रात्री पिंपं भरून ठेवतात आणि गुरुवारी जपून हात धुतात. हिंदुरावांच्या घराला या वाराची धास्ती कधी नव्हती, कारण घरामागं विहीर होती. गाव शहरात गेलं, शेताचे प्लॉट पडले, गोठ्यातल्या सहा म्हशींची एक राहिली, वैरणीच्या जागी पत्र्याच्या सहा खोल्या उभ्या राहून त्यात भाडेकरू आले; पण विहीर जागची हलली नाही. पस्तीस फूट खोल, काळ्या दगडाची, उतरायला भिंतीत लोखंडी कड्या. प्यायला नळाचं आणि बाकी सगळ्याला विहिरीचं, असा त्या घराचा रिवाज. धुणं, भांडी, संडासच्या बादल्या, म्हशीची आंघोळ, सगळं त्यावर.

दिवाळीनंतर तुम्ही गल्लीत सिमेंटचा रस्ता केलात. रस्ता दीड फूट वर आला, म्हणजे घरं दीड फूट खाली गेली. रस्त्याखालून मैल्याची लाइन नेलीत, विहिरीपासून पंधरा पावलांवर. संक्रांतीला चेंबर तुंबलं. शिमग्याला विहिरीच्या पाण्याला वास आला. हिंदुरावांच्या बायकोच्या, सरुबाईच्या ते आधी लक्षात आलं नाही, म्हशीच्या आलं. तिनं बादलीत तोंड घातलं, फुर्रकन नाक झाडलं आणि मान फिरवून उभी राहिली.

"जनावराला कळतंय, हापिसाला कळंना," सरुबाई म्हणाली.

तेव्हापासून तिची सून तनुजा तक्रारी करत होती. तनुजा कोथरूडला एका क्लासमध्ये गणित शिकवते. आकडे, तारखा, फोटो, सगळं नीट जोडून पाठवायची. तुम्ही निकाली काढत होतात.

तर त्या गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास मोटर लावली आणि ती नुसतीच घुरघुरायला लागली. पाण्याचा थेंब नाही. टाकी रिकामी, खोल्यांपुढच्या नळांना फुसफूस. तिसऱ्या खोलीतला उत्तरेश्वर तेवढ्यात मार्केट यार्डातून पहाटेची हमाली संपवून आला होता आणि अंगाला साबण लावून बसला होता. तो तसाच टॉवेल गुंडाळून बाहेर आला. डोक्यावर पांढरा फेस.

"मावशी, पानी गेलं की! डोळ्यात चाललंय बगा."

"मिटून घे डोळं. मोटर हवा वढतीया," सरुबाई म्हणाली.

"मिटूनच हाव. मिटून कुटं जाऊ?"

मागून त्याची बायको शालन म्हणाली, "जावा तसंच यार्डात. फ्लॉवरचा गड्डा म्हणून इकतील." खोल्यांपुढं हशा पिकला.

हिंदुराव हसले नाहीत. मोटरीजवळ उकिडवे बसून त्यांनी पाइपाला कान लावला. बासष्टीचा गडी, पण विहिरीच्या कामात कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. "फुटव्हॉल अडकलाय," ते म्हणाले. पाइपाचं खालचं टोक पाण्यात असतं, त्याला हा व्हॉल असतो. त्यात घाण अडकली की मोटर पाणी सोडून हवा ओढते. वर्षातून एकदा तरी ते खाली उतरून तो खिळ्यानं कोरून काढायचे.

"आप्पा, प्लंबरला फोन करतो," मुलगा इंद्रजीत म्हणाला. तो एका कंपनीत पाळीवर जायचा, त्याला दुपारी निघायचं होतं.

"प्लंबर यायचा, वरनं वाकून बघायचा अन् म्हणायचा, काका, बोअर मारून घ्या. राहू दे. पाना आण मोठा."

"आवं, पाण्याला वास हाय," सरुबाई म्हणाली.

"मला काय ते प्यायचं हाय का?"

"कासरा बांधल्याबिगर उतरायचं न्हाई. कंबरंला."

"मी काय कळशी हाय का, दोर बांधून सोडायला?"

"कळशी बरी. ती उलट बोलत न्हाई."

बडबड करत का होईना, त्यांनी जाड दोर कंबरेला बांधून घेतला. दुसरं टोक मोटरीच्या दगडी खांबाला. मग सरुबाईनं दिवा आणला.

हे त्या घराचं जुनं होतं. विहिरीत माणूस उतरायच्या आधी दिवा उतरवायचा. वेताच्या टोपलीत तेलाची पणती, तिला हळदकुंकू, टोपलीला दोरी. दिवा पाण्यापर्यंत सोडायचा, वर शंभर आकडे मोजायचे, मग ओढून घ्यायचा. पेटता आला तर उतरायचं. विझून आला तर विहिरीतल्या आसरांची, पाण्यातल्या त्या देवतांची, मर्जी नाही, म्हणून वीसपंचवीस बादल्या पाणी वरून परत विहिरीतच ओतायचं आणि पुन्हा दिवा सोडायचा. तरी विझला तर त्या दिवशी काम बंद. सरुबाई अडतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला हे शिकवलं. असं का, ते सासूनं सांगितलं नाही. सासूला तरी कुणी सांगितलं होतं?

पणती खाली गेली. निम्म्याच्या थोडी खाली गेली आणि विझली. फडफडली नाही, धूर नाही. कुणी चिमटीत धरावी तशी गप झाली.

"वाऱ्यानं," इंद्रजीत म्हणाला.

सरुबाईनं टोपली वर ओढली, पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. त्याच दगडापाशी पुन्हा विझली.

"वारं न्हाई हे. हिरीत कुठलं आलंय वारं?"

"अगं आई, वरून खाली येतं. आता तू पंचवीस बादल्या ओतणार? कुठलं पाणी ओतणार? त्यासाठीच तर उतरायचंय!"

खोल्यांपुढं बायका बादल्या घेऊन उभ्या. उत्तरेश्वर एका डोळ्यानं बघत उभा. मोटर बंद पडून तास झाला होता. हिंदुराव आत पाय सोडून काठावर बसलेले. "सरे, आसरांना म्हणावं, आज जरा अड्जस्ट करा. लोक खोळंबल्यात."

तेव्हा इंद्रजीत घरात गेला आणि दिवाळीचा बॅटरीचा दिवा घेऊन आला. प्लास्टिकची पणती, वर प्लास्टिकची ज्योत, बटण दाबलं की थरथरल्यासारखी लुकलुकणारी. "हा घ्या. दिवाच पाहिजे ना त्यांना? हा विझतच नाही."

सगळे हसले. सरुबाईही हसली. पुढं किती तरी दिवस तिला तेच आठवत राहिलं, की आपण हसलो. तिनं त्या प्लास्टिकला कुंकू लावलं, टोपलीत ठेवलं आणि सोडलं. दिवा पाण्यापर्यंत गेला. काळ्या पाण्यावर लुकलुकला. तिनं शंभर मोजले. दिवा जसा गेला तसा वर आला.

हिंदुराव उतरले.

विहिरीच्या मध्यावरून एक लोखंडी गर्डर या भिंतीतून त्या भिंतीत गेलेला होता, पाण्याच्या वर हातभर. पाइप त्याच्या आधारानं उभा. ते कड्यांवरून उतरत गर्डरवर पोचले आणि घोड्यावर बसावं तसे बसले.

"वास लई मारतोय गं," खालून आवाज आला.

"वर या मग."

"आलोच. एक नट हाय."

पान्याचे ठोके ऐकू आले. चार ठोके. मग थांबले. मग एक.

"इंद्रा, डोकं जड झालंय रं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांचा नव्हता. झोपेतून उठवलेल्या माणसाचा होता.

पाना पाण्यात पडला. सरुबाई काठावर ओणवी झाली. हिंदुरावांनी एक हात कड्यांकडं नेला, कडी सापडली नाही, हात हवेतच चाचपडत राहिला. मग ते एका बाजूला कलले आणि गर्डरवरून पलीकडं घसरले. दोर गर्डरवर ताणला गेला, आणि ते पलीकडच्या बाजूला कंबरेत दुमडून लोंबकळत राहिले. पाय पाण्यात. डोकं पाण्यापासून वीतभर.

"आप्पा!"

इंद्रजीतनं चपला उडवल्या आणि कड्यांकडं धावला. काठाच्या दगडांत जिथं उतरायची खाच होती, तिथं सरुबाई आधीच बसली होती. पाय पसरून, दोन्ही हात दोन्ही दगडांवर रोवून. ती तिथं कधी गेली हे तिलाही कळलं नाही. तिला एवढंच दिसलं होतं, की काहीही न होता, कुणी न मारता, धडधाकट माणूस बसल्या जागी गप झाला. तेलाची पणती झाली तसा. त्याच दगडाच्या खाली.

"आई, सरक!"

"न्हाई."

"आई, आप्पा मरतील! सरक म्हणतो ना!"

"तू बी मरशील. खाली हवा न्हाई. दिवा त्यानंच विझला."

"वेडी झालीस का?" त्यानं तिचा दंड धरून ओढलं. ती हलली नाही. आईला इतकं वजन असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"मला ढकलून जा," ती म्हणाली. "आधी मी जाईन खाली, मग तू ये. चल, ढकल."

त्यानं तिच्यावर हात उगारला. खरंच उगारला. सहा खोल्यांतल्या माणसांनी बघितलं. तेवढ्यात साबण वाळलेल्या अंगानं उत्तरेश्वरनं त्याला मागून कव घातली आणि उचलून बाजूला ठेवला, यार्डातलं पोतं ठेवावं तसा.

"मावशी बराबर हायती. आमच्या गावात एकाच आडात तिघं गेली, दादा. बाप, त्याला काढाया पोरगा, पोराला काढाया चुलता. एकामागं एक. चौथ्याला धरून ठिवलं म्हणून चौथा ऱ्हायला. मी बघितलंय."

इंद्रजीत जमिनीवर बसून ओरडत होता. तनुजा एका हातानं फोन कानाला लावून पत्ता सांगत होती, आणि दुसऱ्या हातानं त्याचा शर्ट धरून होती.

"पाणी," सरुबाई म्हणाली. "पाणी वता. भिंतीच्या अंगानं. सासू वतायची. हवा हलती त्यानं. वता!"

पाणी होतं कुठं? गुरुवार. नळ कोरडे, टाकी कोरडी. खोल्यांतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पाणी होतं ते एकच, बुधवारी रात्री भरून ठेवलेलं, दोन दिवसांचं प्यायचं. शालन पहिली आत पळाली. डोक्यावर हंडा घेऊन आली आणि विहिरीत रिकामा केला. मग दुसरी, मग तिसरी. हंडे, कळश्या, माठ, फिल्टरखालचं पातेलं, बाटल्या सुद्धा. स्वच्छ नळाचं पाणी त्या घाणीत फवारा होऊन पडत होतं. तुमच्या रेकॉर्डला ते पाणी कसं लागलं असेल? 'अपव्यय' म्हणून?

"आता वढा," इंद्रजीत उठून म्हणाला. दोर धरून त्यानं आणि उत्तरेश्वरनं जोर लावला. हिंदुराव हातभर वर आले आणि त्यांची पाठ गर्डरला खालून टेकली. आणखी ओढलं तर कण्हल्यासारखा आवाज आला. तो माणसाचा होता की लोखंडाचा, कळेना.

"थांबा! अडकल्यात," सरुबाई ओरडली. ती आता काठावर पालथी पडली होती, डोकं आत. "गर्डर मधी आलाय. ते पल्याड हायती, दोर अल्याड."

उत्तरेश्वरनं एकदा वाकून बघितलं. हमालाच्या डोळ्याला ओझं कुठं अडतं ते पटकन दिसतं. "दोर घिऊन आपुन पल्याडच्या काठाला जायाचं. मंजी गर्डर मधनं निघंल, सरळ वर येतील. पन दोर खांबाचा सोडावा लागंल. ढिला पडला की मालक पान्यात."

दोर सोडायचा होता. ज्या एका दोरावर माणूस होता, तो खांबावरून सोडून, हातांवर तोलून, गोल काठावरून अर्धी विहीर चालून जायचं होतं. आणि काठाच्या एका बाजूला गोठ्याची भिंत विहिरीला इतकी लागून होती, की तिथं एका वेळी एकच पाऊल मावत होतं.

"चार जण लागतील," उत्तरेश्वर म्हणाला. "मी फुडं. दादा माज्या मागं. शालन. तनुजाताई, तुमी शेवटाला, टोक कंबरंला गुंडाळा. हातातनं हात सोडायचा न्हाई. मी 'हं' म्हनलं की एक पाऊल. मी 'हं' म्हनल्याबिगर श्वास बी घ्यायचा न्हाई."

तनुजानं फोन खाली ठेवला. पलीकडून कुणीतरी विचारत होतं, मॅडम, जवळची खूण सांगा, जवळची खूण.

खांबाची गाठ सुटली. चौघांच्या हातांत पंचाहत्तर किलो आलं. शालनचा पाय घसरला आणि दोर चार बोटं सरकला.

"केस बुडालं!" सरुबाई ओरडली. "केस बुडालं, वर घ्या! वर... हां. हां. कपाळ वर हाय. चला."

"हं."

एक पाऊल.

"हं."

हंडे अजून पडत होते. मागच्या बायका आता भांडी विसळायचं पाणी, डाळ भिजवलेलं पाणी, जे मिळेल ते आणून ओतत होत्या. सरुबाईला वरून नवऱ्याची नुसती पाठ दिसत होती. सदऱ्याच्या पाठीवर ठिगळ होतं, ते तिनंच लावलेलं. ती त्या ठिगळावर नजर लावून बसली. ते वरखाली होतंय का? होत नव्हतं. मग झालं. की पाण्याच्या लाटेनं झालं?

"हं."

भिंतीपाशी उत्तरेश्वर आडवा झाला, पाठ भिंतीला घासत सरकला. सगळा भार इंद्रजीतवर आला. त्याच्या तळव्यातून रक्त आलं आणि दोर ओला झाला. ओला दोर निसटतो. त्यानं तो दातात धरला. तनुजा मागून म्हणत होती, "अहो, मी आहे, मी धरलंय, मी धरलंय," आणि तिच्या कंबरेला दोर रुतत होता.

"हं."

"सुटला!" सरुबाई किंचाळली. "गर्डरातनं सुटला. वढा आता. वढा रं!"

मग 'हं' कुणी म्हणालं नाही. सगळेच ओढत सुटले. हिंदुराव भिंतीला आपटत, फिरत, वर आले. काठावर आल्यावर सहा हातांनी त्यांना ओढून धुण्याच्या दगडावर घेतलं. ओठ जांभळे. डोळे अर्धे उघडे, त्यात काही नाही. तनुजानं त्यांना कुशीवर केलं, तोंडात बोट घालून घाण काढली. मग उताणं करून इंद्रजीतनं रक्ताळलेल्या तळव्यांनी छाती दाबायला सुरुवात केली. कंपनीत कधीतरी सेफ्टीच्या तासाला शिकवलं होतं, तेव्हा तो मागं बसून मोबाइल बघत होता. आता आठवेल तसं दाबत होता.

किती वेळ गेला? सरुबाई मोजत होती. एकोणनव्वद, नव्वद. तिला दुसरं काही येत नव्हतं.

ब्याण्णवला हिंदुरावांच्या घशातून, मोरीचं पाणी ओढलं जावं तसा आवाज आला.

अग्निशमनची माणसं पळत आली. पळत, कारण गाडी गल्लीच्या तोंडाला अडली होती. तिथं केबलसाठी खणलेला चर तुम्ही महिनाभर तसाच ठेवलाय. ती माणसं शंभर पावलं ऑक्सिजनचं नळकांडं खांद्यावर घेऊन धावली. त्यांचं काही चुकलं नाही, हे इथं लिहिलं पाहिजे. चांगल्याला चांगलं म्हणायला काही जात नाही.

तिसऱ्या दिवशी हिंदुरावांच्या तोंडातली नळी काढली. त्यांनी सरुबाईला ओळखलं. "म्हशीला पाजलं का?" विचारलं. मग पलंगाच्या पायथ्याशी, दोन्ही हातांना पट्ट्या बांधून उभ्या असलेल्या इंद्रजीतकडं बघून म्हणाले, "या पाव्हणं. बसा. कुण्या गावचं?"

इंद्रजीत बाहेर जिन्यात जाऊन बसला. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हवा कमी पडली होती, किती भरून येईल ते आत्ता सांगता येत नाही.

त्याच दुपारी तुमचे साहेब आले. बघा, माणूस मरायला टेकला की तुमची गाडी बरोबर गल्ली शोधते. तिशीतले, इस्त्रीचा शर्ट, बरोबर टेप धरायला दोन माणसं. घरी सरुबाई म्हशीची धार काढायला आली होती, तनुजा होती, उत्तरेश्वर होता.

"आजी, विहिरीची नोंद आहे का?" साहेबांनी विचारलं.

"आजी कुणाची? मी सत्तावन्नची हाय. नोंद हाय. सातबाऱ्यावर हाय, तुमचं हापिस जन्माला यायच्या आधीची."

"उतरण्यापूर्वी काही चाचणी केली होतीत?"

सरुबाईनं सांगितलं. सगळं सांगितलं. पणती दोनदा विझली ते, आणि बॅटरीचा दिवा सोडला ते. तनुजा तिचा पदर ओढत होती, आई, नको. पण ती बोलत राहिली.

साहेब जरासे हसले. "म्हणजे सूचना मिळूनही आपण दुर्लक्ष केलंत. छान. हेच लिहून आणलंय मी." त्यांनी कागद पुढं केला. टाइप केलेला, आधीच. 'कुटुंबाच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द ठळक. खाली, सदर विहीर धोकादायक असल्याने पंधरा दिवसांत राडारोडा टाकून बुजवावी. "इथं सही करा."

तनुजानं वाचून दाखवलं. सरुबाईनं ऐकलं आणि म्हणाली, "निष्काळजी हाय. आमचं हाय ते खरं. आम्हाला कळलं न्हाई, आन् आम्ही हसलो. ते आम्ही मरंस्तोवर भोगू. आता तुमचं काढा."

"आमचं काय?"

"चला रस्त्यावर."

ती आत गेली आणि अर्धं पोतं घेऊन आली. गुलाल होता. निवडणुकीच्या मिरवणुकीतला उरलेला. इंद्रजीत त्यात पुढं नाचला होता, आणि गल्लीचं ड्रेनेज पहिल्या महिन्यात करून देतो असं निवडून आलेल्या नगरसेवकानं त्या दिवशी भाषणात म्हटलं होतं. तिनं तो गोठ्यातल्या दोन घमेल्यांत कालवला. पाणी शालननं दिलं, आदल्या दिवशीचं भांड्यांचं. उत्तरेश्वरनं पहारीनं चेंबरचं झाकण उचकटलं. आत काळं पाणी काठोकाठ उभं. सरुबाईनं दोन्ही घमेली त्यात उपडी केली.

"अहो, हे काय चाललंय? सरकारी मालमत्ता आहे ही!"

"तुमचीच हाय ना? बरं झालं बोललात. आता हिरीवर या."

साहेबांना यायचं नव्हतं. पण खोल्यांतल्या बायका मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात काही नव्हतं, नुसत्या उभ्या. साहेब आले. सगळे काठाशी उभे राहिले. रस्त्याच्या बाजूच्या भिंतीवर तिसऱ्या थराखाली काळी ओल होती, उत्तरेश्वरनं त्या दिवशी वाकून बघितली होती. सगळे तिच्याकडं बघत राहिले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. टेपवाला माणूस जांभई द्यायला लागला. "झालं समाधान?" साहेब घड्याळ बघत म्हणाले. "मला आणखी दोन ठिकाणी जायचंय."

सरुबाईनं भिंतीवरची नजर काढली नाही. नाही आलं तर? लाइन तिसरीकडंच फुटली असेल तर? तर तो कागद, तो ठळक शब्द, आणि जन्मभर पोराच्या कपाळावर ते.

"मावशी," उत्तरेश्वर हळूच म्हणाला.

दोन दगडांच्या सांध्यातून एक बारीक धार बाहेर आली होती. आधी काळी. मग तांबूस. मग गुलाबी, लख्ख गुलाबी, दगडावरून वळणं घेत, थेंब थेंब विहिरीत पडायला लागली. शालन "आई गं" म्हणाली. तनुजानं मोबाइल काढला आणि यावेळी फोटो बरोबर जागेचा काढला, साहेबांच्या बुटांसकट.

साहेबांनी कागद घडी घालून खिशात सरकवला. "हे बघावं लागेल. सॅम्पल घ्यावं लागेल. वरिष्ठांना..."

"कागद काढा भाईर," सरुबाई म्हणाली. ती त्यांच्या वाटेत उभी होती, दोन्ही पाय रोवून. "मी सही करती. माझ्या चुकीवर करती. पण त्याच्या खाली तुमच्या हातानं लिहा, हे पाणी कुणाच्या लायनीतलं हाय. काम झालं म्हणून तीन डाव कुणी लिवलं, त्याचं नाव लिहा. बोला, साहेब. कुणी लिवलं?"